तीन तासांचं शहाणपण



आज एका गाजलेल्या मालिकेतल्या सगळ्यात फसलेल्या भागाविषयी बोलणार आहे. चांगल्या कलाकृतींचं कौतुक करायला पुष्कळ जण असतात. फसलेल्यांच्या वाट्याला नुसतं हसू येतं. पण वेड्यासारखं बडबडणारा माणूस जाता जाता एखादं खरं वाक्य बोलून जातो ना, तसं या भागाचं झालं आहे.

मालिका म्हणजे ‘स्टार ट्रेक’. ऐंशीच्या दशकात ती रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. तेव्हा आमच्या सोलापुरात गल्लीत एखाद्-दुसऱ्या घरीच टीव्ही. तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणारी पोरं एकाच सतरंजीवर दाटीवाटीनं बसून ‘एंटरप्राइज’ यानावरच्या मंडळींचं इंग्रजी ऐकायची. कळायचं फार थोडं. पण टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक सगळ्यांना कळायचा. आई पृथ्वीवरची, वडील व्हल्कन ग्रहावरचे; भावनेपेक्षा तर्काला मानणारा, यानावरचा सर्वांत हुशार गडी.

पुढे आपल्याकडेही ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, १९९८ मध्ये मिलिंद सोमण यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला. यानं खोटी वाटायची, पण आम्ही ती खरी मानून घेतली. नाटक-तमाशा पाहत वाढलेल्या माणसाला रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा खटकत नाही. तेव्हा नेपथ्य स्वस्त आहे म्हणून मी कुठल्या गोष्टीला हसणार नाही. ‘स्पॉक्स ब्रेन’ नावाच्या या भागाला लोक हसतात ते त्याच्या कथेमुळे.

हा भाग अमेरिकेत २० सप्टेंबर १९६८ रोजी दाखवला गेला. मालिका बंद पडणार अशी हवा होती; चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिला तिसरं वर्ष मिळालं. तेही खर्चाला कात्री लावून आणि शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ देऊन. एवढ्या आटापिट्यानंतर चाहत्यांच्या ताटात पहिला घास पडला तो हा!

गोष्ट अशी. यानावर अचानक एक परकी तरुणी प्रकट होते, हातातल्या कड्याची कळ दाबते आणि सगळे बेशुद्ध पडतात. शुद्धीवर येऊन पाहतात तर स्पॉक आहे, पण त्याचा मेंदू नाही. चोरीला गेला! डॉक्टर मॅकॉय सांगतात, शरीर एक दिवस तग धरेल. मग कॅप्टन कर्क चोराच्या मागावर निघतात आणि बरोबर स्पॉकचं शरीरही घेऊन जातात. त्याच्या डोक्यावर एक यंत्र बसवलंय, आणि डॉक्टर हातातल्या रिमोटची बटणं दाबत त्याला चालवताहेत. जत्रेतल्या चावीच्या बाहुल्यासारखा तो टकटक पावलं टाकतो. स्पॉकचं काम करणारे लिओनार्ड निमॉय यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की या भागाचं चित्रीकरण चाललं होतं तेव्हा त्यांना सारखा संकोच वाटत होता. वाटणारच.

ग्रहावर वरती बर्फ, त्यात कातडी पांघरलेले रानटी पुरुष. खाली जमिनीच्या पोटात उबदार नगर, त्यात फक्त बायका. त्या नगराची हवा, पाणी, ऊब सगळं एक यंत्र सांभाळतं, आणि त्या यंत्राला चालवायला एक मेंदू लागतो. म्हणून स्पॉकचा पळवला. पण गंमत पुढेच आहे. ज्या कारा नावाच्या तरुणीनं ही महाकठीण शस्त्रक्रिया केली, तिला मेंदू म्हणजे काय हेच ठाऊक नाही! पूर्वजांनी एक टोप ठेवला आहे. त्याचं नाव ‘शिक्षक’. तो डोक्यावर घातला की सगळं ज्ञान येतं आणि तीन तासांनी उडून जातं.

इथे मी हसायचा थांबतो.

ज्या नगराला ऊब कुठून येते हे कुणालाच माहीत नाही, ते नगर मला परकं वाटत नाही. सोलापूरची चादर घ्या. तिची नक्षी जेकार्डवर विणली जाते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. जिथे भोक तिथला उभा धागा वर उचलला जातो, नाही तिथला खालीच राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार यांनी सिद्ध केलेली ही युक्ती. तीच पाहून इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणन यंत्रासाठी भोकांचे पुठ्ठे योजले. म्हणजे यंत्राला ज्ञान शिकवून ठेवण्याची रीत विणकराच्या घरातून संगणकाकडे गेली. आमच्या गल्लीतले एक पद्मशाली काका चादरीवरचा चुकलेला मोर पाहून कुठला पुठ्ठा फाटला आहे ते सांगायचे. ज्ञान पुठ्ठ्यात होतं, तसंच काकांच्या बोटातही होतं. यंत्र अडलं तर माणूस अडत नव्हता.

या भागाच्या लेखकाला हे दिसलं नाही. बायकांना त्यानं अजाण बाहुल्या केलं, हा त्या काळच्या पुरुषी नजरेचा दोष. दिवसाला शेकड्यांनी विड्या वळत, न पाहता पान कातरणारी सोलापूरची बाई त्यानं पाहिली असती, तर अडाणीपणा बाईच्या नावावर टाकायला त्याचा हात धजला नसता. शेवटी कर्कसाहेब त्या बायकांना वर जाऊन पुरुषांबरोबर राहायला सांगतात आणि प्रश्न सुटला म्हणून निघून जातात. हेही फार सोपं झालं.

पण त्याआधी एक प्रसंग आहे, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला. स्पॉकचा मेंदू परत बसवायचा तर आता तो टोप डॉक्टर मॅकॉय घालतात. हात सरसर चालू लागतात, हे तर पोरालाही जमेल म्हणतात. आणि शस्त्रक्रिया अर्धी झाली असताना ज्ञान विरायला लागतं. मग ते आधी स्पॉकची वाचा जोडतात, आणि टेबलावर पडलेला रुग्ण डॉक्टरला पुढची शस्त्रक्रिया सांगत जातो. हास्यास्पद आहे, कबूल. पण बघा, टोप तोच, विसरही तोच. मग कारा आणि मॅकॉय यांच्यात फरक काय? मॅकॉय यांनी आयुष्यभर डॉक्टरकी केली होती. टोप उतरल्यावरही त्यांच्याजवळ हात उरले, आणि सांगणाऱ्याचं ऐकून समजण्याची कुवत उरली.

अलीकडे एका महाविद्यालयात काव्यस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलानं गझल वाचली. मात्रा चोख, काफिया-रदीफ बिनचूक. मी सहज विचारलं, “बेटा, तिसऱ्या शेरात हा शब्द का घेतलास?” तो गप्प. मग खाली बघून म्हणाला, “सर, मोबाइलनं दिला.” खरं बोलला, म्हणून मला तो आवडला. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. टोप त्याच्या खिशात आहे, आपल्या सगळ्यांच्याच खिशात आहे.

उर्दूत नवा शायर आपला शेर उस्तादाकडे दुरुस्तीला नेतो. त्याला इस्लाह म्हणतात. चांगला उस्ताद एखादाच शब्द बदलतो आणि का बदलला ते शागिर्दाकडून वदवून घेतो. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, नवोदितांच्या हाती दिली. बाराखडी गिरवावी लागते. ती डोक्यावर घालता येत नाही.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, “घरी कोण काय काम करतं?” म्हणाला, “आई विड्या वळते.” म्हटलं, “तिच्या बोटांवर दोन ओळी लिही. मात्रा चुकू देत. चुकलेली मात्रा आपण दोघं बसून मोजू.” आठ दिवसांनी तो आला. दोन ओळींत तीन ठिकाणी वृत्त तुटलं होतं. कुठला शब्द का घेतला, हे मात्र त्यानं प्रत्येक वेळी सांगितलं.