‘आईवर प्रयोग करणार का?’

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



गणपतीत कॅन्सरवर बोलू नका, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी म्हटलं, विघ्नहर्त्यासमोर विघ्नाचं नाव घ्यायला हरकत कसली? आणि आरतीनंतर एवढी माणसं डॉक्टरला एका जागी कधी भेटतात! दवाखान्यात भेटतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

मी त्वचारोगाचा डॉक्टर. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

ओळखीच्या एका घरातल्या काकू दर बुधवारी खजराण्याला अनवाणी जायच्या. त्यांच्या टाचेवर काळा डाग आला. काटा रुतला असेल म्हणून हळद लावली. मग कुरूप समजून कुणीतरी ते कापलं. जखम भरेना. दीड वर्षाने त्या माझ्याकडे आल्या. बायोप्सीत मेलानोमा निघाला आणि तोवर जांघेत गाठी आल्या होत्या. मी त्यांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का? रात्री मुलाचा फोन आला, “डॉक्टरकाका, हे लोक आईवर प्रयोग करणार का?”

मी एकही कागद न वाचता म्हणालो, “कशाला त्या भानगडीत पडतोस? आहे ते औषध घे.” त्यांनी माझं ऐकलं. आठ महिन्यांनी काकू गेल्या.

चाचणीत गेल्या असत्या तर वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण जीव काकूंचा होता आणि निर्णय आम्ही दोघांनी फोनवर घेऊन टाकला. त्यांना कुणी विचारलंच नाही. ही टोचणी मनात आहे, म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं नीट उत्तर आज देतो.

आधी आजार समजून घेऊ. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेलानोमा. गोऱ्या कातडीच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, तो फार. आपल्याकडे कमी. पण आपल्यात होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन लागत नाही आणि आपलं लक्षही जात नाही. गायक बॉब मार्ली १९८१ साली, ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्यात सुरू झालेल्या मेलानोमानेच.

सुरुवातीला सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेने काम भागतं. शरीरभर पसरला की गोष्ट वेगळी. १९७५ साली अमेरिकेत डाकार्बाझिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं कितीतरी औषधं आली आणि गेली, पण रुग्णाचं आयुष्य नक्की वाढतं हे एकाही औषधाला मोठ्या चाचणीत दाखवता आलं नाही. पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षही काढत नसत.

२०१० साली चित्र पालटलं. इपिलिमुमॅब या औषधाच्या चाचणीत ६७६ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य सुमारे १० महिने आणि न मिळालेल्यांचं ६.४ महिने निघालं. तुम्ही म्हणाल, साडेतीन महिन्यांचं काय एवढं कौतुक? कौतुक पुढे आहे. त्यातले काही रुग्ण वर्षानुवर्षं जगले. हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही. आपल्या प्रतिकारपेशींना एक ब्रेक असतो, तो ते सोडवतं. असे ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पुढे दुसरा ब्रेक सोडवणारी औषधं आली. दोन्ही औषधं एकत्र दिली तर काय होतं, हे पाहणाऱ्या चाचणीत ९४५ रुग्ण होते. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ साली आले. दोन्ही औषधं मिळालेल्या गटातले ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली यकृतात आणि मेंदूत पसरलेला मेलानोमा होता. वय ९०. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि या जातीचं एक औषध त्यांना दिलं गेलं. ते शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात गेले.

ही औषधं चाचणीत जाणाऱ्या माणसांमुळे आली. पण त्याची किंमत कोण देतं, तेही सांगितलं पाहिजे.

२०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन चुलत-मावस भावंडांसारख्या जवळच्या तरुण नातलगांची हकिगत आली होती. दोघांनाही मेलानोमा. दोघेही वेमुराफेनिब या नव्या गोळीच्या चाचणीत गेले. कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, चिठ्ठी टाकावी तसं संगणक ठरवतो. एकाला नवी गोळी मिळाली आणि दुसऱ्याला जुनं डाकार्बाझिन. दुसरा त्याच वर्षी गेला. आधीच्या छोट्या चाचण्यांत गोळीने गाठी झपाट्याने विरघळताना डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग दुसऱ्याला जुनं औषध का दिलं? हा प्रश्न तेव्हा मोठमोठ्या कॅन्सरतज्ज्ञांनीही विचारला आणि त्यावर त्यांच्यात दोन तट पडले.

उत्तर सोपं नाही. ६७५ रुग्णांच्या त्या चाचणीत सहा महिन्यांनंतर नव्या गोळीवरचे ८४ टक्के आणि जुन्या औषधावरचे ६४ टक्के हयात होते. मधल्या तपासणीत फरक स्पष्ट होताच जुन्या गटातल्या रुग्णांनाही गोळी देऊ केली गेली. पण त्याच चाचणीत हेही दिसलं की बहुतेकांत काही महिन्यांनी गाठी पुन्हा वाढतात. 

आणि उलट उदाहरणही आहे. एपाकाडोस्टॅट नावाचं औषध सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत फार आशादायक वाटलं. मग ७०६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, २०१८ साली, त्याचा काहीच जास्तीचा फायदा नाही असं सिद्ध झालं. तुलनेचा गट नसता, तर हजारो लोकांनी पैसे मोजून निरुपयोगी गोळ्या खाल्ल्या असत्या. चाचण्या कधीकधी अनावश्यक उपचारही थांबवतात. एका लसिका-ग्रंथीत थोडासा रोग सापडला की त्या भागातल्या सगळ्या ग्रंथी काढायची पद्धत होती. २०१७ साली एका मोठ्या चाचणीने दाखवलं की सरसकट तसं केल्याने आयुष्य वाढत नाही, पण पाय सुजण्याचा त्रास मात्र वाढतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याला चाचणी म्हटलं की भीती वाटते, ती उगाच नाही. रुग्णांना नीट न सांगता चाचण्यांत घेतलं जातं, ही तक्रार घेऊन २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच आपल्या इंदूरचाच. त्या प्रकरणातूनच २०१३ साली संमतीचं चित्रीकरण करण्याचा आदेश आला आणि २०१९ साली नवे नियम झाले. आज देशातली प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंद कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार आणि भरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. म्हणजे इंदूरच्या लोकांनी भीतीपोटी दार बंद केलं नाही, दाराला कडी-कोयंडा नीट बसवून घेतला.

दार बंद करून आपलं चालणारही नाही. मी सांगितलेल्या मोठ्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण गोरे होते. तळपायाच्या मेलानोमावर ही औषधं तितकीशी चालत नाहीत, असं दिसतं. काकूंच्या टाचेचं उत्तर गोऱ्यांच्या पाठीवर सापडणार नाही, ते आपल्याच लोकांत शोधावं लागेल. ते शोधता येतं, याचा दाखला मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने दिला आहे. मेलानोमासाठी पुढे आलेलं निवोलुमॅब एरवी दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात आणि ते फार महाग. टाटाच्या डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांत चाचणी केली. निम्म्यांना स्वस्त गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना त्याच गोळ्यांबरोबर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने पहिल्या गटात सुमारे १६ टक्के हयात होते, दुसऱ्यात ४३ टक्के. हा प्रश्न आपल्या ऐपतीतून आला होता, परदेशातल्या कंपनीला तो पडला नसता.

तेव्हा उद्या तुमच्या घरात कुणाला चाचणीबद्दल विचारलं, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. कागद घरी आणा. तो मराठीत किंवा हिंदीत, समजेल अशा भाषेत मागा. मग हे विचारा. चाचणी कितव्या टप्प्याची आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सोसेल असा डोस शोधतात, तिसऱ्यात जुन्या उपचाराशी तुलना करतात. नवं औषध मिळालं नाही तर काय मिळेल? चाचणीत न गेल्यास कोणता उपचार आहे? त्रास झाला तर रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? सीटीआरआयचा नंबर काय? मध्येच सोडलं तर चालेल का? याचं उत्तर कायद्याने ‘हो’ असंच आहे आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडता कामा नये.

आणि सगळ्यात आधी, ज्याला आजार आहे त्याला विचारा. आपल्या घरांत आई-वडिलांपासून आजाराचं नाव लपवायची रीत आहे. माया असते त्यामागे, मला कळतं. पण संमती त्यांची लागते आणि जे माहीतच नाही त्याला संमती कशी देणार?

त्या मुलाने विचारलं होतं, आईवर प्रयोग करणार का? आज मी म्हणेन, हो बाळा, प्रयोगच आहे. पण तो आईला विचारून, लेखी, देखरेखीखाली होईल आणि ती नको म्हणेल त्या क्षणी थांबेल. चल, कागद घेऊन ये, आपण तिघं मिळून वाचू.

शेवटी एक काम सांगतो. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या पाहून पहाटे घरी याल, पाय धुवाल. तेव्हा एकमेकांचे तळपाय दिव्याखाली पाहा. वाढणारा, वेडावाकडा काळा डाग किंवा नखाखालची रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली, तर हळद लावू नका, कापू नका, सरळ डॉक्टरला दाखवा. वेळेवर दाखवलंत तर चाचणीचा प्रश्न बहुधा येणारच नाही.

गणपती बाप्पा मोरया!