प्रोग्रॅमिंगचे पुस्तक कसे निवडावे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सोसायटीच्या वाचनालयासाठी संगणकाची पुस्तके घ्यायची ठरली आणि हे दोन शब्द बोलायचे काम माझ्याकडे आले. मी काही प्रोग्रॅमर नाही. बँकेत लेजर हाताने लिहिणाऱ्या पिढीचा माणूस. पण नातवंडांमुळे ही पुस्तके बरीच चाळली.

विषय साधा वाटतो, पण तसा नाही. आपल्या बीड जिल्ह्यातला मराठी माध्यमाचा मुलगा पुण्याला जातो, हजार पानांचे इंग्रजी पुस्तक उघडतो आणि महिनाभरात म्हणतो, "हे आपल्याला जमत नाही." पोरगं हुशार असतं हो! पहिलं पुस्तक चुकीचं मिळालेलं असतं.

म्हणून पुस्तक घेताना आधी धड्याच्या शेवटी पाहा. उदाहरणे आहेत का? उत्तरे आहेत का? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, तिची रीतच अशी. आधी नियम, लगेच उदाहरण. त्यांचे विज्जलवीड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक मानतात. तो वाद विद्वानांवर सोडू; रीत मात्र आपण उचलू. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' एवढे खपले, त्याचेही एक कारण हेच: सोपी भाषा आणि प्रत्येक धड्याला भरपूर स्वाध्याय.

दुसरे, आवृत्ती पाहा. रद्दीच्या दुकानात पुस्तक स्वस्त मिळते, पण पायथनच्या पुस्तकात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसेल, तर ते जुन्या पायथन २ चे समजा. त्याचा अधिकृत आधार २०२० च्या आरंभी संपला. मुलगा पुस्तकातले जसेच्या तसे उतरवतो, संगणक चूक दाखवतो आणि मुलगा स्वतःला दोष देतो.

तिसरे, मोठ्या नावाला भुलू नका. कर्निहन आणि रिची यांचे सी भाषेवरचे १९७८ चे पुस्तक थोर आहे, पण ते ज्याला थोडेफार येते त्याच्यासाठी. पहिल्या पायरीला नाही.

इंग्रजीची भीती? पायथनमधले राखीव शब्द मोजून पस्तीसच्या आसपास. ते पाठ होतात. समजावून घेणे मराठीत चालते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कितीतरी धडे मराठी आवाजात फुकट आहेत.

आता वर्कबुक. माझ्या मते सर्वांत उत्तम वर्कबुक म्हणजे दोनशे पानी वही. घरात एकच लॅपटॉप असला तरी कागदावर प्रोग्रॅम लिहिता येतो आणि ओळीओळीने आकडे मांडून तपासता येतो. एक गणित देतो. दहा हजारांची एफडी, दर साल दर शेकडा ७, चक्रवाढ तिमाही. वर्षाने किती मिळतील? उत्तर १०,७१८ रुपये ५९ पैसे. प्रोग्रॅमने १०,७०० दाखवले तर समजा, तिमाही राहून गेली! अशी गणिते आपल्या घरातच आहेत: वीजबिल, दुधाचा हिशेब, सोसायटीचा मेंटेनन्स.

तेव्हा समितीला विनंती: दहा जाड ग्रंथ घेण्यापेक्षा स्वाध्याय असलेले एकच चांगले पुस्तक घ्या, पण त्याच्या पाच प्रती घ्या. मुलं मिळून बसतील, एकमेकांना विचारतील. पुस्तकाची पानं मळली तर रागावू नका. मळावीत म्हणूनच ती घ्यायची आहेत.