बॅरिस्टरांची चेंबर्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ती लंडनची संस्था आपणांस ऐकून ठाऊक आहे. इंग्लंडातील बहुसंख्य बॅरिस्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करतात. जागा, कर्मचारी व खर्च मात्र वाटून घेतात. ही त्यांची चेंबर्स. तेथील कारभार पाहणारा तो क्लार्क. हुद्दा कारकुनाचा, पण प्रकरण कोणास सुचवावे, फी किती ठरवावी, तारखा एकमेकींवर आल्यास तोड काय काढावी, हे सारे तोच पाहतो.

तारखांची नोंद, बिले, कागदपत्रांचे गोषवारे ही कामे आता संगणकाकडे जात आहेत. त्यात वावगे काही नाही. परंतु कृत्रिम बुद्धिमत्ता नसलेले निवाडेही तितक्याच ठामपणे सांगते. ६ जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणात ४५ संदर्भांपैकी १८ निवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते. पक्षकाराने शोधलेले ते संदर्भ त्याच्या सॉलिसिटरने पडताळलेच नव्हते! चेंबर्सच्या प्रमुखांनीही यावर प्रत्यक्ष उपाय योजावेत, असे न्यायालयाने बजावले.

नवशिक्या बॅरिस्टरास पहिले अवघड प्रकरण केव्हा द्यावे, सॉलिसिटरच्या आवाजातील नाराजी कशी ओळखावी, हे नोंदवहीत नसते. कोर्टात कागद पोहोचविता पोहोचविता, वरिष्ठाचे बोलणे ऐकत, धाकटा क्लार्क ते शिकत आला. ती किरकोळ कामे यंत्राने उचलल्यावर त्याने शिकावे कोठे, हा प्रश्न चेंबर्सपुढे उभा आहे.