घाटमाथ्याची हवा आणि ऑर्गनचा कंठ

१८६३ साली भोर घाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबई-पुण्याची वाट सुलभ झाली. या वाटेने पुढे नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे, पडदे आणि वाद्येही वरखाली होऊ लागली. या सामानात फार नाजूक प्रकृतीचा एक प्रवासी असे. तो म्हणजे ऑर्गन. मुंबईच्या दमट हवेतून निघून, लोणावळ्याचे धुके ओलांडून, मावळ मागे टाकीत तो पुण्यास उतरे. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरांच्या आत असलेल्या पुण्यास सातशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात हवा इतकी पालटते, आणि ऑर्गनचे तर सारे जीवितच हवेवर अवलंबून!

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबिओस याने पाण्याच्या दाबाने नळ्यांत वारा खेळविणारे वाद्य निर्माण केले. तेथून ऑर्गनची वंशावळ सुरू होते. पुढे युरोपातील ख्रिस्तमंदिरांत नळ्यांचा हा पसारा भिंतीएवढा वाढला. लहान प्रार्थनामंदिरांस तो झेपेना, तेव्हा नळ्यांऐवजी पितळी सुरांवर वाजणारी धाकटी भावंडे पुढे आली. पॅरिस येथील दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. आणि अमेरिकेत, भात्याने वारा आत ओढून मृदू स्वर देणारा ऑर्गन घरोघर पोहोचला. त्याच जातीच्या ऑर्गनला मराठी रंगभूमीने आपलेसे केले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी, थिरकवाखाँचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन बालगंधर्वांच्या गाण्यास साथ करी. ख्रिस्तमंदिरातील वाद्य असे नाट्यगीतात विरघळून गेले.

परंतु घाटमाथ्याच्या पावसाळ्यात त्याचे लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, झडपा पुरत्या मिटत नाहीत आणि बोट न लावलेला सूरही रडत राहतो. उन्हाळ्यात फळ्या आकसून सांधे उघडतात व भात्याचा वारा गळू लागतो. अशा वेळी उतावळा कारागीर कानस उचलतो. सुराच्या पातीचे टोक घासले, तर स्वर चढतो. मूळ घासले, तर उतरतो. मात्र घासले गेलेले पितळ पुन्हा येत नाही. दोष पुष्कळदा धुळीत, कातड्यात किंवा सांध्यात असतो, आणि शिक्षा मात्र सुरास होते.

या बाबतीत फिलिपाईन्समधील लास पिन्यास गावच्या ख्रिस्तमंदिराचे उदाहरण मनन करण्यासारखे आहे. तेथे दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून ते बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप आणि वादळे यांनी पुढे हे वाद्य खिळखिळे झाले. १९७३ साली ते दुरुस्तीसाठी जर्मनीतील बॉन येथे क्लाइस यांच्या कारखान्यात नेण्यात आले. तेथील कारागिरांनी फिलिपाईन्सच्या हवेसारखी उष्ण व दमट हवा एका दालनात राखली आणि त्या हवेत काम केले. १९७५ साली ऑर्गन स्वगृही परतला.

वाद्य ज्या हवेत नांदणार, त्याच हवेत त्याची परीक्षा व्हावी, हा यातील बोध होय. मावळात दुरुस्त झालेला ऑर्गन एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढीपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. त्याचे कातडे बदलावे, सांधे भरावेत, सूर पुसून स्वच्छ करावेत. कानस अगदी शेवटी. विजेची पेटी तशाच स्वराची नक्कल बटण दाबताच पुढे करते. म्हणून ही खटपट व्यर्थ वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या स्वराने नाट्यगीत घडविले, तो पायाच्या गतीबरोबर श्वास घेणारा होता. ही विद्या जाणणारे हात जोवर आहेत, तोवर ती दुसऱ्या हातांनी उचलली पाहिजे; पुढे वाद्ये उरतील, पण ती उघडावयाची कशी हे सांगणारा कोणी उरणार नाही.