नालबंदाच्या हाताखालचा पोरगा



उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की बैलगाडीवाल्यांची नालबंदाकडं रीघ लागते. डांबरी सडकेवर ओझं ओढणाऱ्या बैलाला पत्री नसली तर खूर तळातनं झिजतो आणि बैल पाय टाकीनासा होतो. पण नालबंद आता गावोगाव राहिले नाहीत. एखाद्याच्या हाताखाली पोरगा तयार होत असेल, तर तो कसा शिकतोय याची चौकशी तुम्हीही करावी. कारण तो शिकतो तुमच्याच बैलावर.

बैलाचा खूर दुभंगलेला. घोड्यासारखा एक नाल त्याला चालत नाही. एका पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या लागतात. शिवाय खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ, त्यामुळं चुकायला जागाच नाही. तळ तासून साफ केला की कडेलगत एक फिकट रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेर धरायचा आणि त्याचं टोक बाहेरच्या अंगानं वर निघालं पाहिजे. आत गेला की जिव्हाळीला लागलाच म्हणून समजा. दोन नख्यांच्या मधल्या बाजूला तर खिळा मारायचाच नाही.

मी शिकाऊ असताना एकदा घाई केली. खिळा मऊ गेला, आवाज बद्द आला, बैलानं पाय झटकला, तरी मी ठोकतच राहिलो. चार दिवसांत खुरात पू झाला. ऐन हंगामात मालकाची गाडी उभी राहिली. उस्तादांनी त्याचे पैसे परत केले. मला काही बोलले नाहीत, पण पुढं दोन महिने हातोडा काही हाती दिला नाही.

पोरानं आधी दोर लावणं, बैल पाडणं, पाय बांधणं शिकावं. मग तासणं आणि कानस. खिळा मात्र पहिल्यांदा मेलेल्या जनावराच्या खुरावर मारावा आणि नंतर तो खूर करवतीनं कापून बघावा. खिळा कुठून गेला ते डोळ्यांना दिसतं. काहींना याची किळस येते. येऊ द्या. जिवंत बैलावर पहिल्यांदा एकच पत्री त्यानं मारावी, बाकीच्या उस्तादानं.

आता तुमचं काम. त्या दिवशी बैलाला पोटभर वैरण-पाणी देऊन आणू नका. भरल्या पोटी आडवा पाडला की पोट फुगतं, दम कोंडतो. जागा भुसभुशीत बघा, शिंगं धरायला जाणता माणूस ठेवा. काम झालं की लगेच उठवा.

घरी नेल्यावर चार दिवस चाल बघा. लंगडला किंवा खूर गरम लागला, तर पत्री काढायला लावा आणि त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा. धनुर्वाताची सुई लागेल का, तेही डॉक्टरांना विचारा. आणि त्या पोरावर ओरडू नका. त्याला बोलावून घ्या, कुठला खिळा लागला तो त्यालाच हुडकू द्या.