हजेरी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू मोबाइलवाली ना, मग मोबाइलवरच बोल." मी मोबाइल विकत नाही. टॉवरवर कुठे काय बसवायचं आणि काय काढायचं हे ठरवायला कंपन्यांना जे सॉफ्टवेअर लागतं, ते आमची टीम लिहिते. पण हा फरक माझ्या आईलाही वीस वर्षांत पटलेला नाही. रेंज गेली की ती शेजारच्या काकूंच्या फोनवरून मलाच तक्रार करते.

३१ जुलै १९९५ला आपण दहावीत होतो. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपला फोन म्हणजे स्टँडसमोरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, रात्री अकरानंतरचा पाव दर आणि बोलताना मीटरवर लागलेले डोळे.

सुरुवातीला मोबाइलवर एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे, आणि आलेल्या कॉलचेही पैसे लागायचे. कंपन्यांना वाटलं, हा श्रीमंतांचा धंदा आहे. पण श्रीमंत मोजकेच, आणि सरकारला द्यायची लायसन्स फी मात्र भरमसाट. १९९९च्या धोरणाने ठरावीक फीऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरलं, २००३मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि फोन भाजीवाल्यापर्यंत पोचला.

पोचला, पण आपण काय केलं? मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. नेटवर्क वापरलं जायचं आणि कंपनीला छदामही मिळायचा नाही. शेवटी कंपन्याच गिऱ्हाइकाच्या खिशाला शरण आल्या. दहा रुपयांचे रिचार्ज आले. २००९मध्ये सेकंदावर बिल लावणारी योजना आली आणि बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. या धंद्यात गिऱ्हाईक पुढे चालतं आणि कंपनी मागून धावते, हे मी तेव्हा शिकले.

आता थोडं तांत्रिक, पण इथे निम्मे जण शेतकऱ्यांच्या घरचे आहेत, त्यामुळे अवघड जाणार नाही. कंपनीकडे रेडिओ लहरींचा जो पट्टा असतो, ती तिची जमीन. ती लिलावात घ्यावी लागते, महाग असते आणि सहजासहजी वाढत नाही. टू-जी, थ्री-जी, फोर-जी ही त्यातली पिकं. नवं पीक घ्यायचं तर जुनं कुठेतरी काढावंच लागतं. आमच्या धंद्यात याला शब्दही 'रीफार्मिंग' असाच आहे.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं ते फक्त फोर-जी घेऊन. त्यांचं रान मोकळं होतं. जुन्या कंपन्यांच्या रानात मात्र तीन-तीन पिकं उभी होती. डेटाचे दर कोसळले. काही कंपन्या बंद पडल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८मध्ये एकत्र झाल्या. जे टिकले त्यांना फोर-जीसाठी जागा हवी होती. टू-जी काढता येईना, कारण कोट्यवधी बटणांचे फोन त्यावर चालतात. मग कुऱ्हाड पडली मधल्या भावंडावर, थ्री-जीवर.

एका कंपनीसाठी हे काम आमच्या टीमकडे आलं. कुठल्या टॉवरवरचं थ्री-जी आधी बंद करायचं, याची यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. नियम साधा होता. जिथे थ्री-जीवर डेटा कमी वापरला जातो, तिथे आधी बंद. मला तो अगदी न्याय्य वाटला होता.

त्या दिवाळीत आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. तो गावात दूध संकलन केंद्र चालवतो. "अगं, आमच्या टॉवरला काय झालंय? कॉल लागतो, पण नेट चालत नाही. दोनदा सिम बदललं, फोन दुरुस्तीला टाकला, तरी तेच." त्याचा फोन होता थ्री-जीचा. थ्री-जी गेल्यावर तो टू-जीवर आला होता आणि दुधाच्या हिशोबाचं पान काही उघडत नव्हतं. फोन बिघडलाय असं समजून तो महिनाभर पैसे घालत होता.

सुट्टी संपल्यावर मी यादी उघडली. त्याचा टॉवर पहिल्याच तुकडीत होता. डेटा कमी होता, कारण ती माणसं जपून वापरत होती. बाजारभाव बघायचा, हिशोब बघायचा, मुलाचा फोटो आला की बंद. शहरात क्रिकेट बघणारा एक माणूस माझ्या हिशोबात त्या अख्ख्या वाडीएवढा भरत होता. टॉवरवर थ्री-जीचेच फोन किती आहेत, हा आकडा आमच्याकडे होता. मी तो विचारलाच नव्हता.

सूचनेचा एसएमएस गेला होता, पण इंग्रजीत. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावतात १६०, देवनागरी फक्त ७०. म्हणजे मराठीत तीच सूचना द्यायला दुप्पट, तिप्पट मेसेज लागतात. ते पैसे वाचवले होते.

मी मीटिंगमध्ये चूक माझी आहे हे सांगितलं. पुढच्या तुकड्यांसाठी प्रोग्रॅममध्ये माणसांचा रकाना आला. जिथे जुने फोन जास्त, तिथे थांबायचं, मराठीत कळवायचं, रिचार्जवाल्या दुकानदाराला आधी सांगायचं. काम लांबलं आणि साहेबांची बोलणीही खाल्ली. पण त्या गावातलं थ्री-जी परत आलं नाही. त्याने हप्त्यावर नवा फोन घेतला. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. शाळेतही तिथेच बसायचा. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतेय.

आपल्या वर्गशिक्षिका बाई हजेरी झाल्यावर वही लगेच मिटायच्या नाहीत. जो 'हजर' म्हणाला नाही, त्याच्या घराजवळ राहणाऱ्याला विचारायच्या, "का आला नाही तो?" बाई, मी गणितात पहिली यायचे, पण ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

१ ऑक्टोबर २०२२ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं. आता पुन्हा जागा हवी आहे आणि नजर टू-जीकडे वळते आहे. त्यावर अजून आईवडिलांचे बटणांचे फोन आहेत, दुकानातली कार्ड घासायची मशिन्स आहेत, रात्री विहिरीवर न जाता मोटार चालू करून देणारे स्टार्टर आहेत. ते कधी ना कधी बंद होईलच, आणि मी ते थांबवू शकत नाही.

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर आईवडिलांचा फोन हातात घेऊन बघा. नवा बटणांचा फोन किंवा मोटारीचा स्टार्टर घेणार असाल, तर तो फोर-जीवर चालतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि कुणाचं नेट अचानक गेलं, तर फोन दुरुस्तीला टाकण्याआधी मला कळवा. नंबर आपल्या ग्रुपवर आहेच. फक्त मिस्ड कॉल देऊ नका!