बेकन, विटाळ आणि रक्तक्षय
(महाळुंगे येथील महिला मेळाव्यातील भाषण)

बेकन म्हणजे मीठ व नायट्राइट लावून टिकवलेले डुकराचे मांस. ते आरोग्याला चालेल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ते कधीतरी, चवीपुरते. ताजे मांस, नीट शिजवून, बेताने खाणे त्याहून बरे.

पण ‘अपायकारक’ आणि ‘विटाळ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. वडार-कैकाडी वस्त्यांत डुकराचे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजते. त्याला घाण म्हणते ती जात, आरोग्यशास्त्र नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा मांसातले लोह अंगी लवकर लागते. इथे कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बाईला ‘मांस शिजवायचे नाही’ या अटीवर खोली मिळत असेल, तर तो आरोग्याचाही प्रश्न आहे. घरमालकाने भाडे घ्यावे, ताट तपासू नये.

काय खायचे ते आपण माहितीवरून ठरवू, लाजेपोटी नव्हे.